कितवीत आहेस?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या पहाटे मी गंगापूर रस्त्यावरच्या एका मैदानात गाण्यांच्या कार्यक्रमास गेले होते. थंडी बेताची होती. मंडळी अभ्यंगस्नान आटोपून, उटण्याचा वास अंगावर घेऊन, नव्या कपड्यांच्या घड्या सांभाळीत बसली होती. दोन भक्तिगीते झाली, एक नाट्यपद झाले आणि निवेदकाने एकाएकी मोठ्या दिमाखाने जाहीर केले, की आज आपल्यामध्ये एक खास पाहुणी आलेली आहे. पाहुणी नऊ वर्षांची होती. दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेत ती काम करते. अंगावर जरीचा घागरा, डोळ्यांत भरपूर काजळ, ओठांवर रंग. पहाटे साडेपाचला तिला असे सजवून आणायचे म्हणजे किती वाजता उठविले असेल, हा हिशेब माझ्या मास्तरकी डोक्याने लगेच मांडला. व्यासपीठावर येता येता पोर जांभई देत होती. ती तिने हातामागे लपविली. एवढी शिस्त तिला कोणीतरी शिकविली होती.

निवेदकाने तिला मालिकेतल्या नावाने हाक मारली. तिचे स्वतःचे नाव शेवटपर्यंत कोणी उच्चारले नाही. "मोठी झाल्यावर कोण होणार?" असे विचारताच तिने ठरलेले उत्तर दिले. मग "एक डायलॉग होऊन जाऊ दे" अशी फर्माईश झाली आणि त्या चिमुरडीने कमरेवर हात ठेवून, एका डोळ्याने सासूला खुन्नस देणाऱ्या सुनेच्या आवाजात चार वाक्ये म्हटली. टाळ्या पडल्या. शिट्ट्याही पडल्या. माझ्या मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "नशीब काढलं हो पोरीनं! आईबापांचं कल्याण झालं." त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "कसलं कल्याण? वाया जाणार ती. सिनेमात गेलेल्या मुलीचं आजवर कधी भलं झालंय?"

माझा झगडा या दोघांशीही आहे. गृहस्थांना मी सोवळे म्हणते आणि बाईंना भाबडे. दोघांचीही मते एकमेकांच्या उलट दिसतात, पण दोघांच्याही मते त्या मुलीने केलेले काम हे काम नव्हे. एकाच्या लेखी ते पाप आहे आणि दुसरीच्या लेखी लॉटरीचे तिकीट. ते श्रम आहेत, त्या श्रमांना मोल आहे, त्यांना वेळेची मर्यादा हवी, आणि ते करणारी मुलगी उद्या बाई होणार आहे, एवढी साधी गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नाही. सणासुदीला असला विषय काढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. परंतु घरोघर मुले जमतात आणि "म्हणून दाखव, नाचून दाखव" हा आग्रह होतो तो सणासुदीलाच. तेव्हा हेही आजच बोललेले बरे.

*

प्रथम सोवळ्यांचा समाचार घेते. नाशिकच्या माणसाने तरी सिनेमातल्या मुलींविषयी नाक मुरडू नये. कारण या देशात मुलगी पडद्यावर आली ती या गावातूनच.

दादासाहेब फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि 1944 साली नाशकात वारले, हे येथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. सहली तेथे जातात, मुले शेवचिवडा खातात आणि परत येतात. त्यांना कोणी हे सांगत नाही, की 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीचे काम करावयास दादासाहेबांना एकही बाई मिळाली नव्हती. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या तरुणास लुगडे नेसवून तारामती उभी करावी लागली. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला संसार आणि कारखाना नाशकात हलविला. त्या वेळी चित्ताकर्षक नाटक मंडळीचा मुक्काम येथे होता. त्या मंडळीत दुर्गाबाई कामत नावाच्या एक बाई होत्या आणि त्यांची कमला नावाची जेमतेम तेरा वर्षांची मुलगी होती. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाईंनी पार्वतीचे काम केले आणि कमलेने मोहिनीचे. 1914 च्या जानेवारीत तो चित्रपट मुंबईस लागला. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या दोन स्त्रिया या मायलेकी होत.

या मायलेकींना कोणी हौशीने तेथे आणले नव्हते. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या. पदरात लहान मुलगी. त्या काळी अशा बाईपुढे वाटा किती असत, हे आमच्या आज्यांना विचारावे: दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी, स्वयंपाक, नाहीतर याहूनही वाईट. दुर्गाबाईंनी नाटक मंडळीची वाट धरली. नातलगांनी आणि ज्ञातीने त्यांना बाहेर काढले. मंडळी गावोगाव फिरे, त्यामुळे शाळेचे नाव नव्हते. आईनेच लेकीला लिहायवाचायला शिकविले. कमला वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून रंगभूमीवर वावरत होती. म्हणजे मोहिनी झाली तेव्हा ती नवखी नव्हती, चांगली आठ-नऊ वर्षांची जुनी नटी होती.

पुढे त्या मंडळीच्या रघुनाथराव गोखल्यांशी तिचा विवाह झाला आणि ती कमलाबाई गोखले झाली. ऐन तारुण्यात वैधव्य आले. तीन मुलगे वाढवावयाचे होते. कमलाबाई रडत बसल्या नाहीत आणि कोणाच्या दारीही गेल्या नाहीत. त्यांनी नाटकात कामे केली, बायकांच्या नाटक मंडळीत चक्क पुरुषपात्रे रंगविली, बोलपट आले तेव्हा बोलपटांत गेल्या. सुमारे पस्तीस चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. शेवटचा 'गहराई' 1980 सालचा. म्हणजे मूकपटाच्या जन्मापासून रंगीत बोलपटापर्यंत एकाच बाईने काम केले. थोरले चिरंजीव चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमीचे आणि चित्रपटाचे थोर नट झाले, धाकटे दोघे तबलावादक. वृद्धापकाळी पुण्यात राहणाऱ्या या बाईंवर रीना मोहन यांनी 1992 साली 'कमलाबाई' हा माहितीपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नातू विक्रम गोखले 2022 साली गेले. त्यांची 'अग्निहोत्र' ही 2008 साली सुरू झालेली मालिका अनेकांना आठवत असेल. तिचे कथानक नाशकातल्या एका वाड्याभोवती फिरत होते. पणजी नाशकात पडद्यावर आली आणि पणतू शंभर वर्षांनी नाशकाच्याच गोष्टीत घरोघरच्या पेटीत दिसला.

आता मला त्या गृहस्थांनी सांगावे, यात वाया कोण गेले? ज्या ज्ञातीने दुर्गाबाईंना वाळीत टाकले, तिच्यातल्या कोणाचे नाव आज कोणास ठाऊक आहे काय?

परंतु खोटे बोलावयाचे नाही. मोहिनी म्हणजे पुरुषाला भुरळ घालणारी स्त्री. ती भूमिका तेरा वर्षांच्या मुलीने करावी, यात आज मला काही गोड वाटत नाही. त्या काळी तेरा वर्षांच्या मुली संसाराला लागत, म्हणून कोणास खटकले नाही, इतकेच. कमलाबाई तरल्या त्या स्वतःच्या जोरावर आणि एका खंबीर आईच्या जोरावर. एक बुडाली नाही म्हणून नदीला उतार आहे, असे समजण्याचे कारण नाही.

*

नाशिकची दुसरी मुलगी दादासाहेबांची स्वतःची. मंदाकिनी तिचे नाव. 1918 साली 'श्रीकृष्ण जन्म' आणि 1919 साली 'कालिया मर्दन' या चित्रपटांत ती बाळकृष्ण झाली. 'कालिया मर्दन' आजही पाहावयास मिळतो. त्याचा आरंभ ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी अवश्य पाहावा. चित्रपट गोकुळापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो एका सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यापासून. ती हसते, रागावते, रुसते, घाबरते. आधी ही मुलगी पाहा, हिची कला पाहा, आणि मग हिचा कृष्ण पाहा, असे दादासाहेब प्रेक्षकांना जणू बजावतात. मगच डोक्यावर मुकुट चढतो, आणि मगच ती पाण्यात त्या अजस्र नागाशी झुंजते.

बाप म्हणून असो वा कलावंत म्हणून असो, दादासाहेबांना एक गोष्ट कळली होती: भूमिकेच्या आधी मुलगी असते. शंभरांहून अधिक वर्षे लोटली आणि आमच्या पाडव्याच्या निवेदकाला ती कळली नाही. त्याने मुलीला तिचे नावही विचारले नाही.

मंदाकिनीबाई पुढे नटी म्हणून गाजल्या नाहीत. लहानपणी कामे केली आणि त्या थांबल्या. मला हे फार मोलाचे वाटते. कमलाबाई पुढे गेल्या आणि मंदाकिनी थांबल्या. ज्या घरात, ज्या धंद्यात मुलीला हे दोन्ही करता येते, तेथे मुलीने काम करावयास माझी ना नाही. जेथे यातले एकही तिच्या हाती नाही, तेथे तिला पाठविणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

*

आता भाबड्यांची पाळी. येथे मला प्रथम माझ्याच पदरातला अपराध बाहेर काढावा लागेल.

मी एकतीस वर्षे शाळेत शिकविले, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापिका म्हणून. 2006 च्या सुमारास तिसरीतल्या एका मुलीची आई माझ्याकडे आली. मुलगी मोठी गोड होती. स्नेहसंमेलनात तिने म्हातारीचे काम असे केले होते, की शिपाईमामांच्या डोळ्यांत पाणी आले होते. कोणा ओळखीच्या माणसाने तिला मुंबईस नेले, तिची निवड झाली आणि मालिका मिळाली. महिन्यातले वीस-वीस दिवस मुंबईस राहावे लागणार होते. आईला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. "मुंबईला शाळेत घालणार ना?" असे मी विचारले. "घालणार तर!" असे ती म्हणाली. मला ते खरे वाटले नाही. तरीही मी दाखला लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'स्थलांतर' असे लिहून खाली सही ठोकली. एवढेच करून थांबले असते तरी एक वेळ चालले असते. मी त्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून तिचे अभिनंदन केले आणि साऱ्या शाळेकडून टाळ्या वाजवून घेतल्या. गावातल्या मुलीचा चेहरा घरोघर दिसणार, याचा मलाही अभिमान वाटत होता. मीही त्या पाडव्याच्या गर्दीतलीच.

पाच वर्षांनी ती परत आली. उंच झाली होती, दातांना तार होती, आवाज बदलला होता. लहान मुलीच्या कामांना ती मोठी आणि मोठ्या कामांना लहान. मालिकांनी तिला बाजूस ठेवले होते. मुंबईस ती शाळेत गेलीच नव्हती. गणित तिसरीतच थांबले होते. कमाईतून वडिलांनी घर घेतले होते, गाडी घेतली होती, एक धंदा काढला होता आणि तो बुडवलाही होता. तिच्या नावावर एक पैसा नव्हता. "बाई, मला दहावीला बसायचंय. सतरा नंबरचा फॉर्म कसा भरतात?" असे तिने मला विचारले. मी तिला दोन वर्षे घरी शिकविले. ती दहावी झाली, कशीबशी. मी केलेल्या सहीची ही फार थोडी भरपाई झाली.

एकदा मी तिला म्हटले, "तुला तिकडे पाठवायलाच नको होतं." तेव्हा ती एकदम उसळून म्हणाली, "असं म्हणू नका बाई. मला काम आवडायचं. रोज सेटवर जाताना मला आनंद व्हायचा. काम बंद झालं तेव्हा मी आठ दिवस जेवले नाही. पण शाळा कधी बंद झाली ते मला कळलंच नाही. कोणी विचारलंच नाही."

हे वाक्य मी विसरलेले नाही. बंदी घाला, असे म्हणणाऱ्यांनीही ते विसरू नये.

*

असे सर्वांचेच होते असे नाही, असे भाबडे म्हणतील. नाहीच होत. पण ज्यांचे चांगले झाले असे आपण समजतो, त्यांचे तरी काय झाले ते पाहा.

मास्टर विनायक 1947 साली वारले तेव्हा त्यांची नंदा आठ वर्षांची होती. बापाच्याच 'मंदिर' या चित्रपटात ती बेबी नंदा म्हणून आली. हौस होती म्हणून ती पुढे काम करीत राहिली, असे कोणी समजू नये. घर चालवावयाचे होते. मोठी झाल्यावर 1956 साली 'तूफान और दिया'त ती बहीण झाली, 1959 साली 'छोटी बहन' झाली, आणि लोकांनी ठरवून टाकले, की ही पोर बहीणच राहणार. 1969 साली 'इत्तेफाक'मध्ये तिने निराळी, गूढ छटेची बाई रंगविली, तेव्हा कुठे तिच्या अंगातले सामर्थ्य पुरते दिसले. लहानपणी कुटुंबाने तिच्या खांद्यावर बसावे आणि मोठेपणी प्रेक्षकांनी तिला मोठी होऊ देऊ नये, असे हे नशीब!

सारिका ठाकूर हे दुसरे नाव. 1967 सालच्या 'हमराज'मध्ये आणि 'मझली दीदी'त तिने कामे केली तेव्हा ती अगदी बाळ होती. वडील घर सोडून गेलेले. तिने पुढे स्वतःच सांगितले आहे, की ती शाळेत कधी गेलीच नाही. 1975 साली 'गीत गाता चल'मध्ये ती नायिका झाली आणि 'परझानिया'तल्या आईच्या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्काराचा आनंद मलाही झाला. पण एका शिक्षिकेने तो आनंद कसा मानावा? ज्या मुलीला शाळेचा उंबरठा दिसला नाही, तिच्यातही एवढी बुद्धी होती, याचा अर्थ शाळेची गरज नव्हती असा होत नाही. आपण किती बुद्धीवर पाणी सोडीत असू, असा त्याचा अर्थ होतो.

आता तिसरी मुलगी पाहा. नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरील नामांकित अभिनेत्री. नयननेही लहानपणी बेबी नयन म्हणून चित्रपटांत कामे केली. परंतु ती पुण्याच्या हुजूरपागेत शिकली. शाळेच्या रंगमंचावर तिचे गुण दिसले, ते तेथे वाढले. पुढे ती युनियन बँकेत नोकरीस लागली आणि नोकरी करता करता नाटके करीत राहिली. हीच रीमा लागू. 'पुरुष' नाटकातली, 1985 च्या 'खानदान' मालिकेतली, 'मैंने प्यार किया'तली, 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं' यांतली. 2017 च्या मे महिन्यात वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गेली, तेव्हाही ती मालिकेत काम करीतच होती. तिच्यापाशी अभिनय होता, तसा शाळेचा दाखलाही होता आणि महिन्याच्या पगाराची नोकरीही होती. ज्या दिवशी एखादी भूमिका नाकारावीशी वाटेल, त्या दिवशी ती नाकारता यावी, एवढी जमीन तिच्या पायाखाली होती. तिचे भाग्य याला म्हणावे. आईबापांनी मुलीला द्यावयाचे असेल तर हे भाग्य द्यावे.

आणि तरीही आपण तिला काय दिले? एकतिसाव्या वर्षी ती चोवीस वर्षांच्या नायकाची आई झाली. 1999 साली 'वास्तव'मध्ये ती ज्याची आई झाली, तो संजय दत्त तिच्याहून अवघ्या एका वर्षाने लहान होता. नायक चाळिशीत तरुण आणि नटी तिशीत आई! लहानपणी आपण मुलीला घाईने मोठी करतो, मोठेपणी तिला घाईने म्हातारी करतो, आणि मधल्या काळात ती वयात आलेली दिसली की भुवया उंचावतो. 'मासूम'मधली 1983 सालची चिमुरडी उर्मिला मातोंडकर 1995 साली 'रंगीला'त नाचली, तेव्हा "काय ही आजकालची मुलगी!" असे म्हणणारी मंडळी मला आठवतात. मध्ये बारा वर्षे गेली होती. आपल्याच घरातली मुलगी बारा वर्षांत मोठी झालेली यांना चालते, पडद्यावरची चालत नाही.

*

"पण आता कायदे झाले आहेत ना?" असे कोणी विचारील. झाले आहेत. ते चांगलेही आहेत. दुःख एवढेच, की ते मुलांच्या आईबापांना ठाऊक नसतात, आणि ज्यांना ठाऊक असतात त्यांची ते सांगण्याची इच्छा नसते. म्हणून दिवाळी अंकाच्या पानावर मी ते सांगून ठेवते. पान कापून ठेवावे.

1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 साली नियम आले. त्यांनुसार चौदा वर्षांखालील मुलाला चित्रपटात वा मालिकेत काम करता येते, पण शाळेचे नुकसान न होता आणि अटी पाळून. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार, तेथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी निर्मात्याने घ्यावयाची असते. मुलाने दिवसात पाच तासांहून अधिक काम करावयाचे नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही. दर पाच मुलांमागे त्यांची काळजी वाहणारे एक जबाबदार माणूस हवे. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही. आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदतठेवीत पडला पाहिजे. ते सज्ञान होईल तेव्हा तो त्याच्या हाती यावा.

अमेरिकेत हा शहाणपणा सुचावयास एका मुलाचा बळी पडावा लागला. चार्ली चॅप्लिनच्या 1921 सालच्या 'द किड'मधला जॅकी कूगन. त्याने लक्षावधी डॉलर कमावले आणि आई व सावत्र बापाने ते उडविले. मोठा झाल्यावर तो 1938 साली न्यायालयात गेला. मिळाले ते फार थोडे. 1939 साली कॅलिफोर्नियाने त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. आज तेथे पंधरा टक्के रक्कम मुलासाठी राखून ठेवावी लागते. आपला नियम वीस टक्क्यांचा, म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्याही पुढे आहोत! पण माझ्या विद्यार्थिनीची कमाई गेली ती 2017 च्या आधी, आणि नंतरच्या मुलांच्या ठेवींच्या पावत्या तरी किती घरांत कपाटात ठेवलेल्या आहेत? आईबापांनी मनावर हात ठेवून उत्तर द्यावे.

मला वीस टक्केही कमीच वाटतात. मुलीच्या कमाईतून तिचे खाणेपिणे, प्रवास आणि शिक्षण यांचा खर्च वजा जाता जे उरेल, ते सारे तिचे. बापाच्या धंद्याला भांडवल हवे असेल तर बँका आहेत. आणि शाळांनाही, ज्यांत मीही येते, माझे सांगणे आहे: 'स्थलांतर' असे लिहिण्यापूर्वी मूल कोणत्या शाळेत जाणार त्या शाळेचे नाव विचारा, आणि महिन्याने त्या शाळेस पत्र टाका. दोन ओळींचे पत्र. मी ते टाकले असते, तर एका मुलीची पाच वर्षे वाचली असती.

*

ती मुलगी आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची आहे. मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाली आणि पुन्हा कामाकडे वळली. नायिका झाली नाही, होईलसेही दिसत नाही. मालिकांत कोणाची वहिनी, कोणाची मैत्रीण अशी कामे करते आणि ती चांगली करते. या राखीपौर्णिमेच्या सुमारास भेटावयास आली होती. सध्याच्या मालिकेत तिला सात वर्षांची मुलगी आहे, म्हणजे पडद्यावरची. मी विचारले, "कशी आहे ग पोर?" तर म्हणाली, "हुशार आहे. पण दुपारनंतर पेंगते. मी घड्याळ लावून ठेवते. पाच तास झाले की तिच्या आईला सांगते, चला, तिची सुट्टी झाली. मंडळी तोंडं वाकडी करतात. मला कटकटी म्हणतात."

ती हसत हसत सांगत होती. मला हसू आले नाही. जे काम निर्मात्याचे, आईबापांचे, सरकारचे आणि तुम्हाआम्हा प्रेक्षकांचे, ते एक दुय्यम भूमिका करणारी नटी घड्याळ लावून करते आहे, आणि त्यापायी स्वतःची पुढची कामे धोक्यात घालते आहे!

वाचकहो, मी तुम्हांला मालिका पाहू नका असे सांगत नाही. मीही पाहते. तुमच्या घरातली मुलगी गुणी असेल तर तिला दारे बंद करा, असेही मी म्हणत नाही. दुर्गाबाईंनी दार उघडले नसते तर कमलाबाई झाल्या नसत्या. माझे मागणे लहान आहे. या दिवाळीत कोणाच्या घरी, कोणत्या मंडपात, अशी एखादी लहानगी नटी तुमच्यासमोर आणून उभी करतील. "एक डायलॉग म्हणून दाखव" असे कोणीतरी म्हणेलच. त्याच्या आधी तुम्ही पुढे व्हा. तिला तिचे खरे नाव विचारा. आणि मग विचारा, "कितवीत आहेस, बाळ?"

तिने पटकन उत्तर दिले तर तिच्या हातावर करंजी ठेवा. तिने आईच्या तोंडाकडे पाहिले, तर तेथून हलू नका.